उद्योजकाचं बर्नआउट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरं स्वतःचा व्यवसाय चालवणाऱ्यांसाठी आणि एखाद्या संस्थेची संपूर्ण जबाबदारी डोक्यावर असलेल्यांसाठी आहेत. नोकरदारांच्या बर्नआउटबद्दल भरपूर बोललं जातं. मालकाला मात्र ‘सुट्टी घ्या, व्यायाम करा’ एवढं सांगून वाटेला लावलं जातं. माझं ठाम मत असं की मालक नुसत्या कामाने दमत नाही. धंद्यातली प्रत्येक गोष्ट त्याच्यापाशी येऊन अडते, म्हणून तो दमतो. त्यामुळे खालची बरीचशी उत्तरं फिरून त्याच मुद्द्यावर येतील.

साधा थकवा आणि बर्नआउट यात फरक काय?

साधा थकवा झोपेने जातो. दोन रात्री नीट झोप झाली, एक दिवस मोकळा मिळाला की माणूस पुन्हा कामाला लागतो. बर्नआउटमध्ये झोपून उठल्यावरही अंगात त्राण नसतं. त्याहून त्रासदायक म्हणजे ज्या कामासाठी एकेकाळी जीव टाकला, त्याबद्दल काही वाटेनासंच होतं.

मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ मध्ये या अवस्थेवर लेख लिहिला. न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात ते दिवसाची प्रॅक्टिस आटोपून काम करायचे. तिथले स्वयंसेवक हळूहळू खचत चाललेले त्यांनी पाहिले आणि स्वतःही तो अनुभव घेतला. ही माणसं कामचुकार नव्हती, उलट सगळ्यात मनापासून राबणारी होती. पुढे क्रिस्टिना मॅस्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये बर्नआउट मोजण्यासाठी प्रश्नावली तयार केली. तिच्यात तीन बाजू आहेत: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल आणि माणसांबद्दल तुटकपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटत राहणं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची ११वी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली. तिच्यातही याच तीन बाजू दिल्या आहेत. बर्नआउटला तिथे आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्यामुळे येणारी अवस्था, असं तिचं वर्णन आहे.

मला बर्नआउट होतंय हे कसं ओळखू?

नेहमीच्या याद्यांमध्ये डोकेदुखी, चिडचिड, झोप न लागणं असतं. ते खरंच आहे, पण धंदा करणाऱ्याला या गोष्टी इतक्या अंगवळणी पडलेल्या असतात की तो त्यांची दखलच घेत नाही. म्हणून मी दुसऱ्या खुणा बघायला सांगते.

मोठी ऑर्डर मिळाल्याचा फोन येतो आणि मनात पहिला विचार येतो, ‘अरे देवा, आता हे कोण करणार?’ माझ्या लेखी ही सगळ्यात खरी खूण. ज्या बातमीची वर्षभर वाट पाहिली, तीच बातमी ओझं वाटायला लागली की समजावं, पाणी डोक्यावरून जायला लागलंय.

आणखी काही खुणा आहेत. जुन्या, चांगल्या ग्राहकाचं नाव स्क्रीनवर दिसलं तरी उचलण्याआधीच कपाळावर आठी पडते. बँकेचा हिशेब उघडायचं आज-उद्या करत टाळलं जातं. दोन मिनिटांत होणारा निर्णय चार दिवस पडून राहतो. बैठकीत तुम्ही बोलता, माना हलवता, पण आतून नुसत्या पाट्या टाकत असता. आणि कोणी कामाबद्दल नवी कल्पना घेऊन आलं की ती ऐकण्याआधीच तुम्हाला ती मोडून काढावीशी वाटते.

एक-दोन दिवस असं प्रत्येकाला वाटतं. आठवड्यामागून आठवडे असंच चाललं असेल तर मात्र थांबून बघायला हवं.

पण हे माझं आवडीचं काम आहे. कोणी जबरदस्ती केलेली नाही. तरी होईल?

हो, आणि अनेकदा जास्त सहज होतं. नावडत्या कामाला माणूस सहा वाजता रामराम ठोकतो. आवडीच्या कामाला ब्रेकच नसतो.

नोकरदारापेक्षा मालकाचा ताण वेगळा कसा?

तो राजीनामा देऊ शकत नाही, हा पहिला फरक. कर्जाला बहुतेक वेळा त्याचीच वैयक्तिक हमी असते. पगाराच्या तारखेला सगळ्यांचे पैसे खात्यात गेले की उरलं तर त्याचं. त्यामुळे ‘सोडून देतो’ हा विचार मनात आला तरी त्याच्यासोबत दहा जणांची घरं डोळ्यांपुढे उभी राहतात.

दुसरा फरक एकटेपणाचा. कर्मचाऱ्यांसमोर घाबरलेलं दिसून चालत नाही. ग्राहकासमोर तर नाहीच. घरी सांगावं तर घरचे काळजीने अर्धमेले होतील. मग सगळीकडे एकच ‘सगळं मजेत’वालं तोंड घेऊन फिरायचं. हे तोंड दिवसभर टिकवणं हेसुद्धा काम आहे, आणि त्याचा शीण कोणत्याही टाइमशीटमध्ये लिहिला जात नाही.

तिसरा फरक मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नोकरदाराचा कोणीतरी वरिष्ठ असतो. तो बरा असेल तर ‘तू दमलेला दिसतोस’ असं म्हणतो. मालकाला असं म्हणणारं कोणी नसतं. त्याची चिडचिड हा त्याचा स्वभाव ठरतो आणि त्याचं गप्प होणं हा त्याचा तोरा ठरतो.

आठवड्याला किती तास काम म्हणजे जास्त?

सगळ्यांना लागू पडेल असा आकडा नाही, पण दिशा दाखवणारे आकडे आहेत. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केलं. त्यानुसार आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयाच्या रक्तपुरवठ्याच्या आजाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी जास्त आढळला.

तब्येतीचं बाजूला ठेवा, नुसता कामाचा हिशेब करा. अर्थतज्ज्ञ जॉन पेन्कावेल यांनी पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश दारूगोळा कारखान्यांच्या नोंदी तपासल्या. आठवड्याला सुमारे ५० तासांच्या पुढे तासागणिक उत्पादन घसरत जात होतं. ७० तास काम केल्यावर निघणारा माल ५६ तासांत निघणाऱ्या मालापेक्षा फारसा जास्त नव्हता. वरचे चौदा तास जवळजवळ वाया! तुमचं काम डोक्याचं असेल तर दमलेल्या डोक्याचं नुकसान मशीनवर मोजताही येत नाही. चुकीची भरती किंवा घाईत केलेला करार यांची किंमत पुढे वर्षभर मोजावी लागते.

ठीक आहे. सुरुवात कुठून करू?

निर्णयांच्या नोंदीपासून. एक आठवडा खिशात छोटी वही ठेवा. तुमच्याकडे ‘काय करू?’ म्हणून येणारा प्रत्येक प्रश्न वेळेसकट लिहा. फोनवरचा, दारात उभं राहून विचारलेला, मेसेजमधला, सगळे. उत्तर काय दिलं ते नाही लिहिलं तरी चालेल.

समजा, वीस जणांचा छपाईचा व्यवसाय आहे. मंगळवारच्या पानावर असं दिसेल:

९:१० माल आज पाठवू की उद्या सगळा एकदम?
९:२५ कागद संपत आलाय, मागवू का?
९:४० एकाला अर्ध्या दिवसाची रजा हवी आहे.
१०:०५ ग्राहक म्हणतो निळा थोडा गडद करा. करू?
१०:३० दुरुस्तीवाला आलाय, त्याला आधी कोणतं मशीन दाखवू?
११:०० मोठा ग्राहक बिल भरायला आणखी दोन महिने मागतोय.

दोन तासांत सहा प्रश्न. यातला मालकाशिवाय न सुटणारा एकच, शेवटचा. बाकीचे पाच त्याच्याकडे आले, कारण ते कोणी सोडवायचे हे कधी ठरलंच नाही, किंवा ठरलं होतं पण एकदा कोणीतरी स्वतःहून निर्णय घेतला आणि त्याला सगळ्यांसमोर बोलणी खावी लागली. त्यानंतर सगळे विचारायला लागले. हे दुसरं कारण फार ठिकाणी दिसतं.

आठवड्याच्या शेवटी वही घेऊन बसा आणि प्रत्येक प्रश्नासमोर एक नाव लिहा. तुमचं नाव जिथे लिहावंच लागेल तिथेच लिहा. मग ज्यांची नावं आली त्यांना बसवून मर्यादा स्पष्ट सांगा: अमुक रकमेपर्यंतची खरेदी मला न विचारता करायची, साठा या पातळीखाली गेला की मागवायचाच, एका दिवसाची रजा तूच मंजूर करायची. ‘तुझ्या पद्धतीने बघून घे’ एवढं पुरत नाही. त्याने माणूस आणखी घाबरतो आणि पुन्हा विचारायला येतो.

पुढचे काही आठवडे कसोटीचे असतात. लोक सवयीने येतील. अशा वेळी उत्तर तोंडावर आलं तरी गिळा आणि विचारा, ‘तुला काय वाटतं?’ तो सांगेल. ते तुमच्या उत्तरापेक्षा थोडं वेगळं असेल. नुकसान होणार नसेल तर ‘कर तसंच’ म्हणा आणि त्याच्या मागे लागू नका. इथे बऱ्याच मालकांचा धीर सुटतो, कारण स्वतः केलं तर पाच मिनिटांत होतं. खरं आहे, होतं. पण ती पाच मिनिटं रोज दहा वेळा, वर्षानुवर्षं द्यावी लागतात.

सोपवलं की चुका होतात आणि निस्तरायला मीच लागतो. मग?

चुका दोन प्रकारच्या असतात. एक, उद्या दुरुस्त करता येणारी: माल एक दिवस उशिरा गेला, कागद थोडा महाग पडला. दुसरी, परत फिरवता न येणारी: सही झालेला करार, सुरक्षिततेतली हयगय, ग्राहकाची गोपनीय माहिती बाहेर जाणं. दुसऱ्या प्रकारावर लक्ष ठेवा, पहिल्या प्रकाराची मोकळीक द्या. दोन्हींवर सारखाच डोळा ठेवणारा मालक शेवटी दोन्हीकडे कमी पडतो.

मोठी सुट्टी घेतली तर बरं वाटेल का?

वाटेल, पण टिकणार नाही. मीना वेस्टमन आणि डोव्ह एडन यांनी १९९७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. सुट्टीच्या काळात कर्मचाऱ्यांचं बर्नआउट कमी झालं, आणि परतल्यावर तीन आठवड्यांत ते पुन्हा पूर्वीच्या पातळीला पोचलं. काम आणि कामाची रचना तीच राहिली तर दुसरं काय होणार?

तरी सुट्टी घ्याच, आणि तिचा दुहेरी उपयोग करा. तुम्ही नसताना जे जे अडलं त्याची यादी परतल्यावर मागून घ्या. पुढच्या महिन्याचं खरं काम ती यादीच आहे. आधी दोन दिवस फोन बंद ठेवून बघा, मग आठवडा.

अँटोनियो होर्टा-ओसोरियो यांचं उदाहरण यासाठी मला महत्त्वाचं वाटतं. ब्रिटनमधल्या लॉइड्स बँकेचे प्रमुख झाल्यावर काही महिन्यांतच त्यांची झोप उडाली, सलग पाच दिवस जवळपास झोप नाही इथपर्यंत वेळ आली. नोव्हेंबर २०११ मध्ये त्यांनी उघडपणे रजा घेतली आणि जानेवारी २०१२ मध्ये ते परतले. त्यानंतर २०२१ पर्यंत ते त्याच पदावर होते. ‘सर्वोच्च पदावरच्या माणसाने थकल्याचं कबूल केलं की कारकीर्द संपली’ असं मानणाऱ्यांनी ही वर्षं मोजून पाहावीत.

रात्री अंथरुणात पडलो की धंदा डोक्यात फिरायला लागतो. त्यावर काय?

अर्धवट राहिलेलं काम मन सोडत नाही. मानसशास्त्रज्ञ मॅसिकॅम्पो आणि बॉमायस्टर यांच्या २०११ च्या प्रयोगांत मात्र असं दिसलं की ते काम कसं पूर्ण करायचं याची नेमकी योजना केली, तरी त्याचे विचार मध्ये मध्ये घुसणं कमी होतं. काम संपवावंच लागतं असं नाही.

म्हणून दिवसाची शेवटची दहा मिनिटं यासाठी राखा. उघडी राहिलेली प्रत्येक गोष्ट लिहा आणि तिच्यापुढे पुढची एकच कृती लिहा, वारासकट. ‘वसुलीचं बघायचं’ असं लिहून मन शांत होत नाही. ‘गुरुवारी सकाळी १० वाजता त्यांच्या हिशेबनीसाला फोन’ असं लिहिलं की होतं. मग वही ऑफिसातच ठेवा.

फोन झोपायच्या खोलीबाहेर. रात्री अकराला वाचलेल्या तक्रारीवर तुम्ही सकाळपर्यंत काहीच करू शकत नसता, पण झोप मात्र जाते. खरोखर तातडीच्या प्रसंगासाठी एकाच माणसाला तुमचा दुसरा नंबर देऊन ठेवा. बहुतेक प्रौढांना किमान सात तास झोप लागते, आणि मला पाचच पुरतात असं म्हणणाऱ्यांतले बहुतेक जण कमी झोपेला सरावलेले असतात. अपुऱ्या झोपेत आपलं काम किती बिघडलंय हे ओळखण्याची शक्तीही कमी होते.

सगळी चिंता पैशाची आहे. हे वही-फोनचे उपाय मला काय कामाचे?

प्रश्न रास्त आहे. रोख संपत आली असेल तर श्वासाचे व्यायाम सांगणं म्हणजे थट्टा होईल. पण पैशाच्या चिंतेतही अर्धा भाग आकड्यांचा असतो आणि अर्धा अंधाराचा. अंधार आज दूर करता येतो.

पुढच्या १३ आठवड्यांचा रोखीचा तक्ता मांडा. प्रत्येक आठवड्याचा एक रकाना. वरती हातात असलेली शिल्लक, खाली येणारे पैसे, त्याखाली जाणारे: पगार, भाडं, हप्ता, कर, पुरवठादार. येणाऱ्या पैशांची तारीख बिलावरची नको, तो ग्राहक खरोखर जेव्हा देतो ती टाका. साठ दिवसांनी देणारा यंदा तिसाव्या दिवशी देईल असं धरू नका. तक्ता पूर्ण झाला की कोणत्या आठवड्यात शिल्लक शून्याखाली जाते ते दिसतं.

तो आठवडा अजून सहा-सात आठवडे दूर असेल तर हातात पुष्कळ गोष्टी असतात. बँकेशी हप्त्यांबद्दल बोलता येतं, पुरवठादाराकडून मुदत घेता येते, जुनी वसुली लावून धरता येते, एखादी खरेदी पुढे ढकलता येते. तोच आठवडा उद्यावर आला की यातलं काहीच सहज जमत नाही. दर सोमवारी तक्ता अद्ययावत करा आणि आठवड्यातून एकदाच बघा. दिवसातून दहा वेळा खातं उघडल्याने त्यात भर पडत नाही.

आणि स्वतःला ठरलेला पगार द्या, छोटा का असेना. फुकट राबणाऱ्या मालकाचा धंदा कागदावर फायद्यात दिसतो, पण तो फायदा खरा नसतो.

व्यायाम, ध्यान, ॲप यांचा उपयोग होतो का?

होतो. रोज चालणारा, नीट जेवणारा माणूस तोच ताण जास्त काळ पेलतो. फक्त निर्णयांचा ढिगारा तसाच ठेवून सकाळच्या वेळापत्रकात आणखी एक काम वाढवू नका. आधी काहीतरी कमी करा.

बोलायचं कोणाशी?

आपल्यासारखाच धंदा चालवणारे, पण आपले स्पर्धक नसलेले तीन-चार जण शोधा. महिन्यातून एकदा भेटा, ठरवून. तिथे विक्रीचे आकडे मिरवायचे नाहीत, काय अडलंय तेच बोलायचं. भागीदार असेल तर त्याच्याशी कामाव्यतिरिक्त ‘तू कसा आहेस’ हे बोलायला वेळ काढा. कित्येक भागीदाऱ्या तुटतात त्या पैशावरून नव्हे, तर दोघेही दमलेले असताना बोललेल्या शब्दांवरून.

डॉक्टरांकडे कधी जावं?

धंद्यातून दूर असतानाही काहीच चांगलं वाटत नसेल, आवडत्या माणसांत आणि छंदात मन रमत नसेल, स्वतःबद्दल अपराधी आणि निरुपयोगी वाटत असेल, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर ते नैराश्य असू शकतं. त्यावर उपचार आहेत आणि ते घ्यायला हवेत. नुसती दमणूक असली तरी रक्त तपासून घ्या. रक्तक्षय, थायरॉइडचा बिघाड, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, झोपेत श्वास अडकणं, यांतही असाच थकवा येतो. झोपेसाठी किंवा बैठकीआधी दारूचा आधार घ्यावा लागत असेल तर तेही डॉक्टरांना खरं सांगा.

जगणं नकोसं वाटत असेल, स्वतःला संपवण्याचे विचार येत असतील, तर हे वाचणं इथेच थांबवा. आत्ता, आजच, जवळच्या माणसाला सांगा आणि डॉक्टर किंवा तुमच्या भागातली मदतवाहिनी गाठा. एकटे राहू नका. कर्ज, तोटा, दिवाळखोरी, या सगळ्यातून कायदेशीर वाटा निघतात.

माझ्यामुळे माझी टीम दमते आहे का?

शक्यता आहे, म्हणून तपासा. मॅस्लाक आणि मायकेल लायटर यांनी बर्नआउटला कारण ठरणाऱ्या सहा जागा सांगितल्या: कामाचा भार, कामावरचं नियंत्रण, मोबदला आणि कौतुक, सहकाऱ्यांमधलं नातं, न्याय्य वागणूक आणि मूल्यं. यातल्या जवळजवळ प्रत्येक जागेची किल्ली मालकाच्या हातात असते.

रात्री सुचलेलं रात्रीच पाठवू नका. ‘उद्या बघितलंस तरी चालेल’ असं लिहिलं तरी समोरचा उठून बसतोच, कारण पाठवणारे तुम्ही आहात. लिहून ठेवा, सकाळी जाईल अशी वेळ लावा. आणि तुम्ही स्वतः सुट्टी घेत नसाल तर ‘हक्काच्या रजा घ्या’ या तुमच्या सांगण्यावर कोणीही विश्वास ठेवणार नाही.

सगळं विकून किंवा बंद करून मोकळं व्हावं का?

कधी कधी तेच योग्य असतं आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. फक्त पार गळून गेलेलं असताना हा निर्णय घेऊ नका. आधी झोप सुधारा, निर्णयांतले निम्मे दुसऱ्यांकडे द्या, रोखीचा तक्ता मांडा. काही महिन्यांनी पुन्हा हाच प्रश्न स्वतःला विचारा. तेव्हाही उत्तर तेच आलं तर शांतपणे, हिशेब करून, माणसांची सोय लावून बाहेर पडा. उत्तर बदललं, तर तुम्हाला धंद्याचा कंटाळा नव्हता, तो चालवण्याच्या पद्धतीचा होता.

घरातला माणूस बर्नआउटमध्ये आहे. आम्ही काय करावं?

‘एवढं कशाला मनाला लावून घेतोस’ आणि ‘सोडून दे ना तो धंदा’ ही दोन वाक्यं टाळा. दोन्हींमुळे तो बोलायचाच थांबतो. ‘मदत लागली तर सांग’ हेही फार कामाचं नाही, कारण काय सांगायचं हे ठरवणं हा त्याच्यासाठी आणखी एक निर्णय असतो. त्याऐवजी एखादी नेमकी गोष्ट त्याला न विचारता उचला: घरची बिलं, मुलांच्या शाळेचा पत्रव्यवहार, रात्री काय करायचं हा प्रश्न. डॉक्टरांची वेळ तुम्हीच घ्या आणि सोबत जा.

तो बोलायला लागला तर उपाय सुचवायची घाई करू नका. दिवसभर त्याच्याकडे लोक उत्तरं मागत असतात, तेव्हा घरी तरी कोणी काही मागू नये. आणि तुम्हालाही थकायला होतंय हे त्याला कधीतरी, शांत वेळ बघून, जरूर सांगा. तुमचीही झोप, तुमचीही माणसं सांभाळा.